‘चढणे’ आणि ‘क्लाइंब’

इंग्रजीतील ‘क्लाइंब’ या क्रियापदाला मराठीत ‘चढणे’ हा प्रतिशब्द सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही; परंतु पुरेसाही नाही. या दोन शब्दांतील अंतर समजण्यास जयपूरच्या जंतरमंतरमधील सम्राट यंत्राचे उदाहरण उपयोगी पडते.

सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेले हे छायायंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या मधल्या त्रिकोणी भिंतीचा माथा जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २७ अंशांनी, कललेला असून त्यावरून पायऱ्या वर जातात. भिंतीच्या पूर्वेस व पश्चिमेस वर्तुळाच्या चतुर्थांशासारखे दोन वक्र पाद आहेत. भिंतीची सावली सकाळी पश्चिमेच्या पादावरून खाली सरकते आणि मध्यान्हानंतर पूर्वेच्या पादावर वर सरकू लागते. तिचा वेग तासाला सुमारे ४ मीटर असतो.

आता भाषेकडे वळू. पायऱ्यांवरून निरीक्षक वर जातो आणि पादावरून सावली वर जाते. मराठीत दोन्ही ‘चढतात’. इंग्रजीतही दोघांसाठी ‘क्लाइंब’ चालतो. भेद उतरताना दिसतो. हातापायांनी आधार घेत, जपून खाली येणाऱ्या माणसाविषयी इंग्रज ‘क्लाइंब डाउन’ म्हणतो. सकाळच्या सावलीविषयी मात्र तो तसे म्हणणार नाही, कारण सावलीला हातपाय नाहीत.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी १९८२ मध्ये या शब्दाचे दोन घटक दाखवून दिले: वर जाणे आणि अवयवांच्या आधाराने सायासाने सरकणे. यांपैकी एक नसला तरी शब्द टिकतो. दोन्ही नसले तर टिकत नाही. मराठी ‘चढणे’ मात्र वरची दिशा सोडून खाली येत नाही. तेथे ‘उतरणे’ हे स्वतंत्र क्रियापद उभे असते. म्हणूनच एखादे सरकार आपल्या भूमिकेपासून ‘क्लाइंब डाउन’ करते, तेव्हा मराठीत ते खाली चढत नाही. ते माघार घेते.

उलट दिशेनेही अडचण येते. आमेरच्या किल्ल्याची चढण हत्ती चढतो, येथपर्यंत दोन्ही भाषा बरोबर चालतात. पण त्याच हत्तीवर झूल चढते, सांगानेरच्या कापडावर रंग चढतो, लोखंडावर गंज चढतो आणि माणसाला नशा चढते. या प्रयोगांत उंचीपेक्षा एखाद्या वस्तूने दुसरीवर पसरणे किंवा तिचा ताबा घेणे महत्त्वाचे आहे. येथे ‘क्लाइंब’ अगदीच निरुपयोगी ठरतो. ताप किंवा बाजारभाव चढतो, तेव्हा मात्र तो पुन्हा उपयोगी पडतो, कारण तेथे आकडा खरोखरच वर जातो.

जयसिंहाच्या आश्रयास असलेले महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट यांनी टॉलेमीचे ज्योतिष आणि युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. ग्रीक विचार अरबीच्या वाटेने संस्कृत वाचकापर्यंत पोहोचला, तो केवळ शब्दाला शब्द जोडून पोहोचणे शक्य नव्हते. अनुवादकाची कसोटी आजही तीच आहे. समोर ‘क्लाइंब’ आला, की कोण सरकते, कोणत्या दिशेने आणि कशाच्या आधाराने, हे तीन प्रश्न त्याने प्रथम विचारावेत. शब्दकोशातील प्रतिशब्द ही पहिली पायरी होय. अर्थ त्याच्या बराच वर असतो.