बेंड पाईपमधलं गणित
शिक्षक मित्रांनो, पालकांनो, "परीघ शिकून काय उपयोग?" असं मुलं विचारतात ना? त्यांना मोटारसायकलचा बेंड पाईप दाखवा, गाडी थंड असताना! इंजिनातला धूर सायलेन्सरपर्यंत नेणारी ही वाकडी नळी. दोन सिलिंडरच्या गाडीसाठी ती हाताने बनवताना दोन्ही नळ्या शक्यतो सारख्या लांबीच्या ठेवतात.

पण वाकडी नळी मोजायची कशी? बाहेरची कड लांब, आतली आखूड. म्हणून मधल्या रेषेने मोजतात. त्या रेषेची त्रिज्या ७ सेंमी असेल, तर परीघ २ × २२/७ × ७ = ४४ सेंमी. ९० अंशांचं वळण म्हणजे त्याचा चौथा भाग, ११ सेंमी. नळी ४ सेंमी जाड असेल, तर बाहेरच्या कडेची त्रिज्या ९ सेंमी आणि लांबी १४ सेंमीहून जास्त! एकाच वळणात ३ सेंमीची चूक.

गॅरेजमध्ये रमणाऱ्या मुलाला 'गणितात कच्चा' म्हणण्याआधी हे उदाहरण त्याच्यासमोर ठेवून बघा.