जबडा दुखतो? दाढ काढण्याआधी हे वाचा

आमच्या वस्तीतल्या एका ताईंच्या दोन दाढा काढल्या, तरी कानाजवळचे दुखणे गेले नाही. दाढा चांगल्या होत्या, दुखत होता जबड्याचा सांधा. काढलेली दाढ परत येत नाही. म्हणून कोणाकडे जायचे ते आधी समजून घेऊ.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. हलतो तो हा सांधा. तिथे किंवा गालात दुखणे, चावताना कळ येणे, सकाळी जबडा आखडणे ही त्याची लक्षणे. नुसता कट्‌कट् आवाज येतो पण दुखत नाही, तर सहसा उपचार लागत नाहीत.

कोणाकडे जावे?

१. आधी दाताच्या डॉक्टरकडे. कीड, अक्कलदाढ, हिरडीची सूज आहे का, हे ते पाहतील.

२. कान वाहत असेल, कमी ऐकू येत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे.

३. दोन्ही ठीक असेल तर दंत महाविद्यालयाच्या ओरल मेडिसिन विभागात. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय आणि मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे. नागपूर व छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय आहे. सकाळीच केसपेपर काढा.

४. स्नायू आखडले असतील तर ते फिजिओथेरपिस्टकडे पाठवतील. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही.

दात काढा किंवा घासा म्हटले तर न घाबरता विचारा : "या दातात नक्की काय बिघडले आहे? एक्स-रेमध्ये दाखवाल का? दुसरा उपाय आहे का?" विचारणे हा आपला हक्क आहे.

तोवर मऊ खा, गरम कपड्याने शेका, जांभई देताना हनुवटीला हात लावा, दातावर दात दाबून ठेवू नका. पुष्कळांचे दुखणे एवढ्यानेच काही आठवड्यांत उतरते.

थांबू नका :

* जबड्यासोबत छातीत दाब, घाम, दम लागत असेल तर ते हृदयाचे असू शकते. लगेच 108 ला फोन करा.
* तोंड उघडे राहून मिटत नसेल तर थेट रुग्णालयात जा. कोणालाही जबडा ओढू देऊ नका.
* सुपारी-गुटख्याची सवय आहे, तिखट झोंबते आणि तोंडात उभी तीन बोटे जात नाहीत, तर दोष सांध्याचा नसून तोंडातील आवरणाचा असू शकतो. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. सुपारी आजच सोडा आणि तपासून घ्या.