घाटाची चढण आणि लहान इंजिन

प्रश्न : सांगलीत निर्वेध धावणारी माझी स्प्लेंडर साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात चौथ्या गियरमध्ये धापा टाकते. इंजिन निकामी झाले काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण निश्चिंत असावे. ९७.२ घनसेंटिमीटरच्या या इंजिनाची कमाल शक्ती मिनिटाला सुमारे ८,००० फेऱ्यांवर प्रकट होत असल्यामुळे, चढणीवर वरचाच गियर कायम ठेवून फेऱ्या घटू दिल्या म्हणजे सुदृढ यंत्रही दुर्बल भासते. सबब वेग मोडण्यापूर्वीच खालचा गियर घालावा. तरीही ओढ कमी वाटल्यास एअर फिल्टर, चेनचा ताण व क्लच तपासून घ्यावेत. मागचे स्प्रॉकेट मोठे बसविल्यास ओढ वाढते, परंतु सपाटीवरील वेग घटून पेट्रोलचा खर्च वाढतो. उतारावर न्यूट्रल मात्र कटाक्षाने टाळावे, कारण इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर पडतो.