होडीची जन्मपत्रिका

मुलांनो, उन्हाळ्यात तळ्यावर गेलात की शिडावर माशाचे चित्र असलेली, जेमतेम चौदा फूट लांबीची एक होडी हमखास दिसते. ती 'सनफिश'. कनेटिकटमधल्या वॉटरबरी गावी अलेक्स ब्रायन आणि कॉर्ट हेनिगर या दोन मित्रांच्या 'अल्कॉर्ट' कंपनीने ती १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवली. (अल आणि कॉर्ट, म्हणून अल्कॉर्ट!) १९६९ साली ही कंपनी एएमएफने विकत घेतली.

अशी जुनी होडी विकायला निघाली की मालक छातीठोकपणे तिचे वय सांगतो. त्यावर विसंबू नये. होडीच्या मागच्या बाजूला, वरच्या उजव्या कोपऱ्यात बारा अक्षरे-आकडे असतात, ते वाचावेत. अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बनणाऱ्या होड्यांवर हा क्रमांक सक्तीचा आहे.

पहिली तीन अक्षरे कारखान्याची. त्या काळच्या सनफिशवर 'एएमएफ' दिसेल. पुढची पाच त्या होडीचा अनुक्रमांक. यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. आपल्याकडे घाईत लिहिलेला 'ख' जसा 'रव' वाचला जातो, तसाच हा घोटाळा! आता अनुक्रमांक ४५,००० आहे म्हणून तोवर ४५,००० होड्या बनल्या असे समजू नका. पाच जागांत नुसते आकडे घातले तर ९९,९९९ ला गाडी अडते, आणि सनफिश तर लाखांनी खपल्या. शिवाय क्रमांक कुठून सुरू करायचा हे कारखानाच ठरवतो.

खरी मेख शेवटच्या चार जागांत आहे. १९८४ च्या ऑगस्टपूर्वी दोन पद्धती चालत. एकीत सरळ महिना आणि साल: '०५७५' म्हणजे मे १९७५. दुसरीत आधी 'एम', मग मॉडेलचे वर्ष, मग महिन्याचे अक्षर. पण येथे 'ए' म्हणजे जानेवारी नव्हे, ऑगस्ट! मॉडेलचे वर्ष आदल्या ऑगस्टपासून सुरू होते, जसे आपले नवे वर्ष जानेवारीची वाट न पाहता गुढीपाडव्याला येते. म्हणून 'एम ७५ सी' ही होडी १९७५ ची नसून ऑक्टोबर १९७४ मध्ये बनलेली आहे. ऑगस्ट १९८४ पासून नियम सुटसुटीत झाला. 'ए' म्हणजे जानेवारी, मग बनल्याच्या सालाचा शेवटचा आकडा, मग मॉडेलचे वर्ष. तेव्हापासून हाच क्रमांक होडीत आणखी एका लपलेल्या जागी कोरावा लागतो. चोराने एक घासून काढला तरी दुसरा उरतो.

क्रमांकाच्या सुरुवातीला राज्याची दोन अक्षरे आणि 'झेड' असेल, तर तो राज्याने नंतर दिलेला असतो. त्यावरून होडीचे मूळ वय कळत नाही. १९७२ पूर्वीच्या होडीवर तर क्रमांकच नसेल. मग सुकाणू, डोलकाठी आणि धातूचे भाग पाहून अंदाज करावा लागतो. सुकाणूवर मात्र फार भरवसा नको, ते बदललेले असू शकते.

गृहपाठ: 'एम ७६ एच' आणि 'एच ४८५' या होड्या कोणत्या महिन्यात व साली बनल्या? दोन्हीत 'एच' आहे, पण महिना एकच नाही. उत्तर पूर्ण मराठी वाक्यात, साल अक्षरांत लिहून आणा.