मागणे आणि मांडणे : विद्यार्थ्यांची शर्यतगाडी व प्रायोजकत्वाचा अभ्यास

आपल्या शाळेच्या वसतिगृहातून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकत आहेत. प्रवेश घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांतच त्यांच्या दृष्टीस सूचनाफलकावरील एक कागद पडतो : ‘फॉर्म्युला संघासाठी निवड’. शर्यतीची गाडी स्वतः आखून, स्वतः बांधून स्पर्धेत उतरवणाऱ्या विद्यार्थ्यांचा हा संघ असतो. घरी ही गोष्ट कळली की आईवडिलांना ‘शर्यत’ या शब्दाचीच धास्ती वाटते. आणि ती ओसरते न ओसरते तोच दुसरा प्रश्न पुढे येतो : ‘याला पैसे किती लागतील?’

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. मी आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी असून काही वर्षे अशा एका संघाचा मार्गदर्शक शिक्षक होतो. त्या अनुभवाच्या आधारे या उपक्रमाचे स्वरूप, त्यासाठी लागणारे पैसे आणि ते सन्मानाने उभे करण्याची रीत यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. स्पर्धेचे स्वरूप

‘फॉर्म्युला एसएई’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात १९८० मध्ये सुरू झाली. इंग्लंडमध्ये १९९८ पासून ‘फॉर्म्युला स्टुडंट’ भरू लागली. जर्मनीतील स्पर्धा २००६ पासून हॉकेनहाइम येथे होते. भारतात ‘सुप्रा एसएई इंडिया’ आणि कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणारी ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धा विद्यार्थ्यांना परिचित आहेत. मुंबईच्या आयआयटीचा संघ विजेवर चालणारी गाडी घेऊन इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनपर्यंत गेलेला आहे.

ही केवळ वेगाची परीक्षा नव्हे. विद्यार्थ्यांनी स्वतःला एक छोटी उत्पादक कंपनी समजावे, हौशी चालकासाठी एकाच आसनाची गाडी तयार करावी आणि ती परीक्षकांना पटवून द्यावी, अशी या स्पर्धेची मूळ कल्पना आहे. फॉर्म्युला एसएईच्या नियमावलीत एकूण १००० गुण असतात. त्यांपैकी १५० गुण गाडीच्या आराखड्याला, १०० खर्चाच्या हिशेबाला आणि ७५ व्यवसाय-सादरीकरणाला मिळतात. म्हणजे गाडीचे चाक न फिरताच ३२५ गुणांचा निर्णय लागतो. उरलेले गुण ७५ मीटरची सरळ धाव, इंग्रजी आठच्या आकाराचे वळण, वळणावळणांची फेरी, सुमारे २२ किलोमीटरची सहनशक्ती-चाचणी आणि ऊर्जेची काटकसर यांवर मिळतात. पेट्रोल इंजिनाला हवा केवळ २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून घ्यावी लागते आणि विजेच्या गाडीची शक्ती ८० किलोवॅटपेक्षा अधिक चालत नाही. अमर्याद शक्तीला येथे वाव नाही. मर्यादेत राहून केलेल्या विचाराचीच येथे कसोटी लागते.

आणखी एक नियम पालकांनी लक्षात घ्यावा. गाडीची आखणी विद्यार्थ्यांनीच करायची असते. व्यावसायिक अभियंत्याने सल्ला द्यावा, आराखडा काढून देऊ नये. त्यामुळे या संघातून बाहेर पडलेला विद्यार्थी ‘हे मी केले’ असे खरेपणाने म्हणू शकतो.

२. वर्गणीचा प्रश्न

सांगाड्याच्या पोलादी नळ्या, इंजिन, चाके, टायर, शॉक अॅब्सॉर्बर, अग्निरोधक पोशाख, शिरस्त्राण, स्पर्धेची प्रवेश फी, गाडी वाहून नेणारा ट्रक, संघाचा प्रवास अशी ही यादी लांबत जाते. साधी पेट्रोलची गाडीही काही लाख रुपयांखाली उभी राहत नाही आणि विजेच्या गाडीचा खर्च बॅटरीमुळे त्याहून बराच वर जातो. महाविद्यालयाचे अनुदान बहुधा तोकडे पडते. मग तूट भरून काढण्यासाठी अनेक संघ सदस्यांकडूनच वर्गणी घेतात.

खरी अडचण येथे सुरू होते. ज्याच्या घरून वर्गणी येते तो संघात राहतो. ज्याला ती शक्य नसते तो ‘अभ्यासाला वेळ मिळत नाही’ असे कारण सांगून निघून जातो. माझ्या संघात असा एक मुलगा होता. वेल्डिंगचा त्याचा हात उत्तम होता, कारण सुट्टीत तो मामांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करी. तिसऱ्या महिन्यात त्याने येणे बंद केले. मी कारण विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. पुढे उमगले, तेव्हा सत्र संपले होते. प्रायोजक शोधणे हे केवळ गाडीसाठी नसते, संघाचे दार कोणासाठी उघडे राहणार हे त्यावरून ठरते, ही गोष्ट मी त्या वर्षी शिकलो.

३. मागण्याचा संकोच

आपल्या घरांतून आलेल्या मुलांना पैसे मागण्याचा मोठा संकोच वाटतो. त्यामागे इतिहास आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांवर दारोदार मागण्याची सक्ती झाली आणि ज्यांनी ती निर्धाराने झुगारली, त्यांच्या नातवंडांना कोणाच्या दारात उभे राहणे नकोसे वाटावे यात नवल नाही. या संकोचाचा मान राखूनच एक भेद समजून घ्यावा लागतो.

१९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड आणि मुदत तीन वर्षे, असे तिचे स्वरूप होते. शिक्षण पूर्ण झाल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करावी, असा लेखी करारही त्यात होता. या व्यवहारात देणारा व घेणारा दोघेही शब्दाने बांधलेले होते. रक्कम, मुदत, प्रयोजन आणि परतफेडीचे स्वरूप हे सारे कागदावर होते.

प्रायोजकत्वही याच जातीचे आहे. भिक्षा मागणारा स्वतःची गरज सांगतो, तर प्रायोजक शोधणारा दोघांचेही हित मांडतो. तेव्हा विद्यार्थ्यांनी मान खाली घालून जाऊ नये. मात्र रिकाम्या हातानेही जाऊ नये.

४. प्रायोजक कोण व त्याला काय हवे असते

प्रायोजक तीन प्रकारचे असतात. पहिला पैसे देतो, दुसरा वस्तू देतो आणि तिसरा सेवा देतो. नवख्या संघांची नजर पहिल्यावर खिळलेली असते. वस्तुतः दुसरा व तिसरा अधिक जवळचे असतात. पुण्याजवळ भोसरी, पिंपरी-चिंचवड व चाकण येथे, नाशिकला सातपूर व अंबडला, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला असंख्य लहान कारखाने आहेत. सीएनसी यंत्राचे काही तास, लेझरने पत्रा कापून देणे, उरलेल्या अॅल्युमिनियमचे ठोकळे, पावडर कोटिंग या गोष्टी लाख रुपयांच्या धनादेशापेक्षा लवकर मिळतात आणि खर्चाचा मोठा भाग हलका करतात.

आमच्या संघाने पहिल्या वर्षी बावीस पानांचे रंगीत निवेदन तयार करून मोठ्या कंपन्यांना पाठवले. एकाही कंपनीचे उत्तर आले नाही. शेवटी मुले भोसरीतील एका छोट्या कारखान्यात गेली. मालकांनी निवेदन बाजूला ठेवले आणि विचारले, “ते राहू द्या पोरांनो. तुम्हाला माझ्याकडून नेमकं काय पाहिजे, आणि कधी?” मुलांना उत्तर देता आले नाही. आठ दिवसांनी ती पुन्हा गेली, तेव्हा हातात एकच कागद होता : चार भागांची रेखाचित्रे, धातूचा प्रकार, नग आणि तारीख. ते भाग सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी तयार झाले.

प्रायोजकाला काय हवे असते, याचाही विचार करावा. गाडीवरील नावाची जागा हा मोबदल्याचा केवळ एक भाग होय. कारखानदाराला हाताने काम करणारे होतकरू अभियंते हवे असतात आणि असा संघ म्हणजे वर्षभर चालणारी मुलाखतच असते. सुटे भाग बनवणाऱ्याला आपल्या भागाची कठोर चाचणी हवी असते. म्हणून नाव कोठे लागेल, किती आकाराचे असेल, गाडी कोणत्या ठिकाणी दिसेल आणि चाचणीची कोणती माहिती आपण देऊ, हे स्पष्ट सांगावे.

५. निवेदन कसे असावे

चांगले निवेदन दोन पानांत मावते. त्यात पाच गोष्टी क्रमाने याव्यात : आपण कोण, आजवर काय केले, नेमके काय हवे व त्याची किंमत किती, मोबदल्यात काय देऊ, आणि हिशेब कोण ठेवणार. ‘सुवर्ण, रौप्य, कांस्य’ अशा श्रेणी छापण्याची प्रथा आहे. त्यांपेक्षा ‘चार टायर’, ‘एक चालकाचा पोशाख’, ‘ट्रकचे भाडे’ अशी यादी देणाऱ्याला लवकर कळते. आपण कशाला हातभार लावला, हे त्याला डोळ्यांनी दिसते.

वेळही महत्त्वाची आहे. बहुतेक कंपन्यांचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि पुढील वर्षाचे अंदाजपत्रक मार्चपूर्वीच ठरते. सत्र सुरू झाल्यावर जुलैत पोहोचलेल्या पत्राला ‘या वर्षीची तरतूद संपली’ असे उत्तर येते, ते नेहमीच टाळण्यासाठी नसते.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ चाही योग्य अर्थ समजून घ्यावा. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करायची असते. विद्यार्थी हे ऐकून उत्साहाने ‘सीएसआर’ मागतात आणि त्याच पत्रात गाडीवर कंपनीचे नाव लावण्याचे आश्वासन देतात. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, आपल्या मालाच्या वा सेवेच्या जाहिरातीचा लाभ मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. म्हणून नाव लावायचे असेल तर जाहिरात विभागाकडे जावे. प्रयोगशाळा, प्रशिक्षण किंवा गरजू विद्यार्थ्यांचे शिक्षण यांसाठी सहाय्य हवे असेल तर संस्थेमार्फत, तिची आवश्यक नोंदणी झालेली असल्याची खात्री करून, सामाजिक निधीसाठी वेगळा प्रस्ताव द्यावा. पैसे कोणत्याही परिस्थितीत विद्यार्थ्याच्या खाजगी खात्यात घेऊ नयेत. महाविद्यालयाच्या खात्यात, पावतीसह घ्यावेत.

६. हिशेब आणि अपयश

प्रायोजक मिळवण्यापेक्षा टिकवणे कठीण असते. एका वर्षी आमची गाडी सहनशक्ती-चाचणीत अर्ध्यावर चालक बदलण्यासाठी थांबली आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरूच झाले नाही. मुले रडली. परतीच्या प्रवासात एक जण म्हणाला, “सर, आता प्रायोजकांना कोणत्या तोंडाने भेटायचं?”

आठवडाभरात आम्ही प्रत्येकाला पत्र लिहिले. काय झाले, का झाले, कोणती चूक आमची होती आणि पुढील गाडीत कोणता बदल करणार, हे लिहून सोबत खर्चाचा पैन् पैचा हिशेब जोडला. भोसरीचे ते कारखानदार पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहिले. त्यांनी सांगितले की जिंकल्यावर पत्र सगळेच लिहितात, बंद पडल्यावर लिहिणारे त्यांना प्रथमच भेटले.

त्याच वर्षी संघाने एक ठराव केला : सदस्यत्वासाठी वर्गणी असणार नाही आणि जमा निधीतील पहिला वाटा प्रवास व सुरक्षा-साहित्य यांसाठी राखून ठेवला जाईल, म्हणजे पैशाअभावी कोणी मागे राहणार नाही. गाडीचे काही भाग त्या वर्षी साधे राहिले. संघ मात्र पूर्ण राहिला.

समारोप

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी कारखान्यात पर्यवेक्षक आहेत, कोणी बँकेत, कोणी स्वतःचे वर्कशॉप चालवतात. त्यांच्याकडे असा एखादा संघ आला तर लगेच पैसे देण्याची गरज नाही. निवेदन वाचून त्यातील चुका दाखवणे, खरेदी विभागातील योग्य व्यक्तीचे नाव सांगणे, लेथवर दोन तास उपलब्ध करून देणे, हेही प्रायोजकत्वच आहे. त्यांना एक प्रश्न मात्र अवश्य विचारावा : ‘तुमच्या संघात वर्गणी न देऊ शकणारा विद्यार्थी आहे का?’

आणि पालकांना एवढीच विनंती : मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरा काळ्या हातांनी घरी आली आणि ‘उद्या एका कंपनीत बोलायला जायचे आहे’ म्हणाली, तर तिला अडवू नका. कोणासमोर ताठ उभे राहून आपले काम मांडणे आणि घेतलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब देणे हे शिक्षण तिला पुस्तकातून मिळणार नाही.