मस्टँगची चार भोकं: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

1965–66 ची फोर्ड मस्टँग वळणावर नीट चालावी यासाठीचा सगळ्यांत स्वस्त बदल म्हणजे ‘शेल्बी ड्रॉप’. पुढचा वरचा कंट्रोल आर्म एक इंच खाली बसवला, की वळणात बाहेरचं चाक कमी कलंडतं. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांची ही मांडणी 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये वापरली गेली. आर्म तोच राहतो. शॉक टॉवरच्या पत्र्यात प्रत्येक बाजूला दोन नवी भोकं पाडायची. म्हणजे खर्च मुख्यतः अवजारांचा. अमेरिकेतले अंदाजे भाव असे:

ड्रिल मशीन: अर्ध्या इंची चकचं, वायरवालं, बाजूला हँडल असलेलं हवं. नवं 60 ते 130 डॉलर. चार भोकांसाठी विकत घेऊ नका. मित्राकडून आणा किंवा दिवसभाड्याने घ्या. हँडल मात्र सोडू नका. बिट पत्र्याच्या पलीकडे निघताना अडकलं, की मशीन मनगट पिरगाळतं.

बिट: इथे हात आखडू नका. बोल्ट अर्ध्या इंचाचा, म्हणून भोक सहसा 17/32 इंचाचं. तरी जुनं भोक व्हर्नियरने मोजूनच बिट घ्या. अर्ध्या इंची शँकचं कोबाल्ट बिट 20 ते 35 डॉलर. साधं एचएसएस निम्म्यात मिळतं आणि या पत्र्याला पुरतंही, पण हळू चालवून तेल दिलं तरच. 1/8 आणि 1/4 इंची बिटं मिळून 10 डॉलर. 1/8 ची दोन घ्या, एक मोडतंच.

स्टेप बिट: 15 ते 40 डॉलर. पातळ पत्र्यात भोक गोल येतं. टॉवरचा पत्रा इथे जाड, म्हणून एका पायरीची उंची त्याहून कमी असेल तर पलीकडचं भोक लहान राहतं. असं बिट टाळा.

किरकोळ: टेम्पलेट 20, सेंटर पंच 10, कटिंग ऑइल 8, झिंकचा स्प्रे 10 डॉलर.

आधी टॉवर घासून पाहा. तडा किंवा गंज असेल, तर पहिला खर्च वेल्डरचा. आर्म सोडवण्याआधी स्प्रिंग काढावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग जीवघेणी असते. ती याच गाडीसाठीच्या स्प्रिंग कॉम्प्रेसरने काढा. मग टेम्पलेट लावा, पंच मारा, 1/8, 1/4 आणि शेवटी 17/32. मोठं बिट मिनिटाला 400 फेऱ्यांच्या आसपास ठेवा. लांब, सलग चिप निघत असेल तर वेग आणि दाब बरोबर. बारीक भुगा आणि धूर आला, तर थांबून तेल घाला. कडा कानशीने साफ करून उघड्या लोखंडावर झिंक मारा.

मशीन आणि कॉम्प्रेसर उसने मिळाले, तर सगळं मिळून 80 ते 95 डॉलरांत भागतं. त्यावर 100 ते 150 डॉलर व्हील अलाइनमेंटचे आधीच बाजूला ठेवा. आर्म हलवला की जुने कोन बदलतात, आणि ते न साधता गाडी चालवली तर वाचवलेले पैसे टायर खाऊन टाकतात.