फुकटचं कार्ड

"कार्ड तं फुकट दिलं होतं मॅडम. फुकटच्या वस्तूची कसली गॅरंटी?"

फुकट म्हणे! कॅमेरा, पाऊच, चार्जर आणि ६४ जीबीचं कार्ड असा सगळ्याचा मिळून एकच भाव ठरला होता. कार्ड घेतलं नसतं तर पैसे कमी केले असते का, असं मी विचारलं. त्यावर उत्तर नाही. गल्ल्यावरचा माणूस माझ्याकडे पाठ करून माझ्या भाच्याला म्हणतो, "दादा, तुम्हीच समजावून सांगा. लेडीज लोकांना यातलं कळत नाही." भाचा बी.ए.ला आहे. मेमरी कार्ड म्हणजे काय, हे त्याला एसटीत वसमत येईपर्यंत मीच शिकवलं होतं.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला, हे कृपा करून विचारू नका. आमच्या निम्म्या औंढ्यानं विचारून झालंय. माझा मोबाइल शाळेच्या अॅपांनी, माहितीच्या तक्त्यांनी आणि लोकांच्या सुप्रभातांनी भरलेला असतो. फोटो काढायला वर धरावा तर नेमका केंद्रप्रमुखांचा फोन. पर्समध्ये मावेल आणि फोटोशिवाय दुसरं काही करणार नाही, असं यंत्र मला हवं होतं. नवे आता फारसे मिळत नाहीत. २०१० साली जपानी कंपन्यांनी जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले होते, त्यातले बहुतेक असेच छोटे. मोबाइलनं तो धंदा बुडवला. आता कॉलेजच्या पोरांना त्याच जुन्या कॅमेऱ्यांचं वेड लागलंय आणि सेकंड हँडचे भाव चढलेत. म्हणून नांदेडचं ते दुकान.

कॅमेऱ्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. शाळेत जाता-येता, घरात, बाजारात मी रोज काही ना काही टिपत होते. सकाळी नागनाथाच्या देवळाभोवती एक चक्कर ठरलेली. आपल्या देवळाचा फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाही. खालचा जुना भाग काळ्या दगडाचा, वरचं शिखर नंतरचं आणि पांढरं. दोन्ही एकाच चौकटीत घेतलं की छोट्या कॅमेऱ्याची भंबेरी उडते. शिखर नीट आलं तर खालच्या भिंतीवरच्या मूर्ती कोळसा, मूर्ती दिसल्या तर शिखर गायब. दोन्हींचे वेगळे फोटो काढावेत, हे मी करत करत शिकले. नुसत्या काळ्या भिंतीवर कॅमेरा रोखला तर तो तिला उजळून राखाडी करतो, म्हणून अधिक-उणेची खूण असते तिथे उणेकडे थोडं सरकवायचं. देऊळ फिरल्याची नामदेवांची गोष्ट सांगितली की मुलं विचारतात, मग नंदी मागं का? त्यांना दाखवायला नंदीचे चांगले फोटो झाले होते. गाभारा खाली आहे, पायऱ्या अरुंद आहेत. तिथे कॅमेरा काढण्याचा विचारही करू नये.

हे सगळे फोटो शाबूत आहेत. त्यानंतरचे नाहीत. महाशिवरात्रीची यात्रा, रथोत्सव, पुतणीचा साखरपुडा, सगळं गेलं.

साखरपुड्यानंतर दोन दिवसांनी जाऊबाई म्हणाल्या, "लावा की ताई टीव्हीवर, व्याही मंडळी बसलीच आहेत." लावलं. देवळाचे फोटो आले, शाळेचे आले, अंगणातल्या तुळशीचा आला. मग यात्रेतल्या एका बांगडीवालीचा फोटो आला. तिचं कपाळ, कुंकू, डोळे लख्ख. नाकाच्या शेंड्याला पट्टी लावून रेघ मारावी तशी एक सरळ रेघ आणि तिच्या खाली नुसता राखाडी रंग. पुढचा फोटो उघडेना. त्याच्या पुढचाही उघडेना. नावं सगळी होती, क्रमांक ओळीनं होते, आकारही दिसत होता. आत काही नव्हतं. व्याही काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

दुकानात तीन कारणं मिळाली. "व्हायरस असेल." "चालू कॅमेऱ्यातून कार्ड काढलं असेल." "पाणी गेलं असेल." हे वाचणाऱ्यांनी एवढंच पाहावं: व्हायरसनं किंवा पाण्यानं नुकसान झालं असतं तर ते इथे-तिथे विखुरलेलं असतं. एका फोटोच्या नाकापर्यंत सगळं धडधाकट आणि त्यानंतर एकही नाही, अशी शिस्त पाण्याला नसते. कार्ड बनावट होतं. आत चिप छोटी, कंट्रोलर मात्र कॅमेऱ्याला ६४ जीबी सांगतो. खरी जागा संपली तरी कॅमेरा लिहीतच राहतो, पण लिहिलेलं कुठे उमटत नाही. फोटो काढल्या-काढल्या पडद्यावर दिसतो तो कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीतला, म्हणून शंकाही येत नाही. माझ्या कार्डाची तपासणी करून घेतली, खरी जागा ८ जीबीच्या आसपास निघाली. १६ मेगापिक्सेलचे दीडेक हजार फोटो तेवढ्यात मावतात. काही महिने सगळं सुरळीत चालतं आणि तोवर दुकानदार मोकळा.

त्यात एका कॉम्प्युटरवाल्यानं "रिकव्हरी करून देतो" म्हणून पैसे घेतले, ते वेगळेच. चुकून पुसलेले फोटो परत मिळू शकतात, त्यासाठी कार्ड वापरणं तिथल्या तिथे थांबवायचं. पण बनावट कार्डात जे कधी लिहिलंच गेलं नाही, ते कुठून येणार? कोणी खात्री देऊ लागला तर पैसे देऊ नका.

आता ज्यांना असा कॅमेरा घ्यायचाय त्यांच्यासाठी.

कार्ड कॅमेऱ्याबरोबर घेऊ नका, वेगळं घ्या आणि बिलावर त्याचं नाव नि क्षमता लिहून घ्या. जुना कॅमेरा असेल तर ६४ चा हट्टही नको. एसडीएचसी लिहिलेल्या कॅमेऱ्याला ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं, त्याहून जुन्यांना २ जीबीपर्यंतचं. रोजच्या फोटोंना ८ किंवा १६ पुष्कळ होतं.

पहिला फोटो काढण्याआधी रिकामं कार्ड तपासा. विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं परत वाचून पाहतो. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. कॉम्प्युटरवर नुसता ६४ चा आकडा दिसला म्हणजे कार्ड खरं, असं नाही.

दर रविवारी फोटो दुसरीकडे उतरवा आणि चार-दोन उघडून बघा. नावं बघून समाधान मानू नका.

सोयाबीनच्या मळणीजवळ कॅमेरा चालू करू नका. भुसा लेन्सच्या नळीत शिरला की ती आत-बाहेर होईनाशी होते आणि पडद्यावर 'लेन्स एरर' येऊन बसतं. डिजिटल झूम बंदच ठेवा. फ्लॅश तीनेक मीटरच्या पलीकडे पोचत नाही, लग्नाच्या मांडवात मागच्या रांगेतून तो उडवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बॅटरी भरलेली ठेवा, कॅमेरा जपून वापरा वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

बिलाबद्दल. मी मागितलं होतं. "व्हॉट्सअॅपवर पाठवतो" म्हणाला आणि पाठवलं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ३० दिवस उलटून गेले तरी सदोष मालाची तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे ती करता येते, नांदेडला खेटे घालावे लागत नाहीत. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही. आधी १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. बिल नसलं तरी यूपीआयनं पैसे दिल्याची नोंद आणि दुकानदाराचे मेसेज जपून ठेवा. माझ्याकडे दोन्ही आहे. तक्रार केली आहे.

कॅमेरा अजून तोच वापरते, कार्ड नवं. नांदेडला गेले की त्या दुकानात मुद्दाम डोकावते. आत कोणी कॅमेरा बघत उभं असलं की त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात गल्ल्यावर विचारते, "कार्डाचं बिल देता का हो आता?"